प्लास्टरातल्या पायानं खजिन्याच्या देशात

"सुट्टीत कुठं गेलतास?" म्हणून डेपोत जो तो विचारतोय. खरं सांगितलं की हसतात. परवा तर आमच्या कंडक्टरनं माझ्या कपाळाला हात लावून ताप हाय का बघितला. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, हसायचं त्यानं मागाहून हसावं. एवढंच सांगतो की बावीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरून मी जेवढं बघितलं न्हाय, तेवढं आठ दिवसांत बघून आलो, आणि तेही घरातल्या खुर्चीवर बसून.

यंदाच्या, म्हणजे दोन हजार चारच्या उन्हाळ्यात डेपोत गाडीतनं उतरताना माझा पाय घसरला. नडगीचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. बावीसातली सतरा वर्षं कोल्हापूर-गडहिंग्लज करणारा माणूस खाटेवर पडला की घरच्यांचं काय होतं ते आमच्या सुशीलाला विचारा. तिला सकाळी बालवाडीवर जायचं असायचं, आणि मी तिला खाटेवरनंच भाजीत मीठ किती घालायचं ते सांगायचो.

त्यातच पल्लवीला एक पत्र आलं. पल्लवी आमची एकुलती एक. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं तिला बोलावलं होतं, मोबाइल फोनवरचे खेळ बनवायला. पुढच्या शनिवारी चार वाजेपर्यंत फोनवर हो की नाही कळवायचं होतं.

"खेळ?" मी म्हटलं. "शिकून सवरून खेळ करणार? माणसं काय म्हणतील? गडहिंग्लजचं स्थळ आलंय, पोरगा बँकेत हाय, ते बघू या की."

पल्लवी माझ्यावर गेलीय, ती गप्प बसती व्हय? "पप्पा, माझ्या कॉम्प्युटरवरच्या खेळात तुम्ही कधी आत जाऊन बघितलंय का? सारखं खेळ खेळ करताय. आख्खा देश हाय त्यात. गावं हायत, माणसं हायत. दोन वर्षं मी फिरतेय तरी संपला न्हाय. लपलेला खजिना हाय म्हणतात, तो तर मला अजून गावलाबी न्हाय."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, "दोन वर्षं फिरून हाताला काय न्हाय? ठरलं तर मग. मी जातो त्या देशात. शनिवारपर्यंत मला खजिना गावला तर तू पुण्याला जा. न्हाय गावला तर फोन करून न्हाय म्हणून सांगायचं. कबूल?"

आतनं सुशीला म्हणाली, "अवो, काय पोरीच्या जिवाशी खेळताय!" पण पल्लवी माझ्याकडं एकटक बघत म्हणाली, "कबूल. पण सगळं तुम्ही करायचं. मी फक्त इंग्रजी वाचून दावणार."

मी मनातल्या मनात शनिवारची जिलेबी खाऊन मोकळा झालो. जे तिला दोन वर्षांत सापडलं न्हाय ते मला आठ दिवसांत कुठलं सापडायला?

पहिला दिवस: सीमा ओलांडली

पाय स्टुलावर, कॉम्प्युटरच्या उंदरावर हात, समोर पडदा. पडदा काळा झाला, आणि उजाडला तेव्हा मी हबकलोच. डोंगर! आपल्या पन्हाळ्यासारखा सपाट माथ्याचा, वर तटबंदी, खाली धुकं, धुक्यात एक नदी. गवत वाऱ्यानं हलत होतं. मी सुशीलाला हाक मारली, ती लाटणं हातात घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. "आगंबया," ती म्हणाली, "हे कुणी काढलं?"

"माणसांनी," पल्लवी म्हणाली. "माझ्यासारख्या."

मी तिकडं लक्ष दिलं न्हाय. मला एक शरीर मिळालं होतं, पंचविशीतल्या गड्याचं, कंबरेला पट्टा, अंगात चामड्याचं जाकीट, आणि दोन्ही पाय शाबूत. काय सांगू, तो गडी पहिल्यांदा पळाला तेव्हा माझ्या प्लास्टरात झिणझिण्या आल्या. मग तो सरळ नदीत पडला. ब्रेक कुठला ते मला माहीत नव्हतं.

त्या गावांची नावं जिभेला वळत न्हाईत म्हणून मी माझी ठेवली. पहिल्या गावाला कोडोली, कारण ते माझं गाव. त्याच्या पुढं जंगलाच्या तोंडाशी मलकापूर. आणि वरचा किल्ला म्हणजे पन्हाळा.

तर कोडोलीत पल्लवीनं उंदीर हातात घेतला. "पप्पा, आधी रीत दावते," म्हणून तिनं एका घरात पाऊल टाकलं. घरात बाई चुलीपाशी उभी. पल्लवीनं तिच्यादेखत ट्रंक उघडली, आतली लोकर घेतली. कोनाड्यातलं मडकं फोडलं, आतली चिल्लर घेतली. बाई आपली चुलीकडंच बघत उभी.

माझं डोळं पांढरं झालं. मी एवढ्यांदा ओरडलो की शेजारची माणसं दारात आली. "ठेव ते! ठेव आधी! बाई समोर उभी हाय आणि तू तिची ट्रंक उघडतीस?"

"पप्पा, खेळात चालतं. सगळे करतात."

"सगळे चोऱ्या करतात म्हणून तू करणार? हे शिकवतात व्हय तुला?"

ती लोकर परत ठेवायची काय सोयच नव्हती. मी मशीन बंद करायला लावलं आणि सगळं पहिल्यापासनं चालू केलं, नवा गडी, नवी वाट. पल्लवी कपाळाला हात लावून बसली. पहिला दिवस असा गेला.

दुसरा दिवस: कोडोलीतली गिरणी

सकाळी तीन तास हाकून किल्ल्याच्या निम्म्या वाटेवर पोचलो आणि लाइट गेली. लोडशेडिंग. परत आली तेव्हा मी पुन्हा नदीकाठी ओलेत्यानं उभा. मला कुणी सांगितलंच न्हवतं की हिथं जागा राखून ठेवायला लागती! "सेव्ह करायचं असतं पप्पा," पल्लवी म्हणाली. आता सांगतीय.

पण गंमत बघा, खजिना किल्ल्यातच असणार म्हणून मी सरळ हायवे धरून तिकडं निघायचो आणि मलकापूरच्या जंगलात लांडगे मला फाडायचे. तीनदा मेलो. तिसऱ्यांदा मेलो तेव्हा पल्लवीला दया आली. "पप्पा, तुम्ही एक्सप्रेस गाडीसारखं पळताय. आडवाटेला वळा. लोकांशी बोला. त्यांची बारकीसारीक कामं असतात, ती करा. खजिना असला तर तिकडंच असणार."

मग मी गिरणीत गेलो. पाणचक्कीवर गिरणी चालवणारी एक म्हातारी, तोंडावर पीठ. पल्लवीनं वाचून सांगितलं, "ती म्हणतीय, माझा पोरगा रानात लाकडं तोडतो, एवढं भाकरीचं गाठोडं त्याला पोचवशील का?"

मी खुर्चीत ताठ झालो. अरे, हे तर माझं रोजचंच! गडहिंग्लज स्टँडवर कुणीतरी अव्वा, म्हणजे म्हातारी बाई, रोज गाडीच्या खिडकीशी येती. "अण्णा, पोरगा कोल्हापुरात होस्टेलला हाय, एवढा डबा देतोस?" कुणाचं औषध, कुणाचा निरोप, कुणाची लग्नपत्रिका. सतरा वर्षांत एक डबा चुकला न्हाय माझा. आणि रीत एकच. पोचवल्यावर कुणी चहा दिला, जेवायला बसवलं तर बसायचं, कारण अन्नाला न्हाय म्हणू नये. पण वस्तू कुणाची घ्यायची न्हाय. एकदा घेतली की ते भाडं झालं.

गाठोडं दिलं, परत आलो. म्हातारीनं बोटातली अंगठी काढून पुढं केली. खाली दोन उत्तरं आली, एक घेतो, दुसरं नको.

मी सवयीनं दुसऱ्यावर दाबलं. आपल्यात कसं असतं? पावणा एकदा नको म्हणणार, समोरचा "अवो घ्या की" म्हणणार, पावणा परत नको म्हणणार, मग समोरचा खिशात कोंबणार. मी कोंबायची वाट बघत बसलो. म्हातारीनं अंगठी बोटात घातली आणि दळण करायला वळली!

"म्हणजे?" मी चाट पडलो. "परत विचारणार न्हाय?"

"न्हाय विचारत इथं. एकदाच असतं." पल्लवीनं हनुवटी हातावर टेकली. "ती अंगठी लांडग्यांशी लढायला लागते पप्पा. अंगात ताकद येती तिनं."

काय लोक म्हणायचे! आग्रहाची रीतच न्हाय. पण म्हातारीनं जेवायला मात्र विचारलं. पल्लवी म्हणाली, "ते सोडून द्या, नुसती बडबड असते, वेळ जातो." मी म्हटलं, वेळ माझा जातोय, आणि बसलो. भाकरीऐवजी दगडासारखा पाव, त्यावर चीज म्हणून एक पांढरा गोळा, आणि कोबीचं पाणी. तिखटाचा पत्ता न्हाय. आपल्या तांबड्या रश्शाची एक वाटी त्या देशात नेली तर लोक राज्य लिहून देतील. पण जेवताना म्हातारी बोलली. नवरा कसा गेला, पूर कसा आला, आणि गिरणीच्या मागनं ओढ्याकाठानं एक जुनी पायवाट जंगलातनं पलीकडं जाती, ती आता कुणी वापरत न्हाय. पल्लवीनं पुस्तकासारखं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "हे मी कधी ऐकलंच न्हवतं."

चौथा दिवस: मधवाला आणि लोहार

मधल्या दिवसांतलं चालणं गाळतो, कारण नुसतं चालणं ते चालणंच. माळावर मधमाश्या पाळणाऱ्या एका माणसाचा निरोप मी लोहाराला पोचवला, लोहाराची सांडशी मधवाल्याला. दोघांत कसलंसं जुनं भांडण होतं. मधवाल्यानं मधाचा घडा पुढं केला, लोहारानं तलवार. तलवार, बरं का! मूठ चांदीची. दोन्हीला मी नको म्हटलं. दोघांच्या घरी जेवलो. मधवाला जेवताना म्हणाला, लांडगे धुराला भितात, ओला पाला जाळत गेलं की वास घेऊन लांब पळतात.

त्या चार दिवसांत माझं इंग्रजीही सुधारलं. शेजारी डिक्शनरी ठेवून मी एकटाच वाचायला लागलो. सुशीला बालवाडीवरनं आली की आधी विचारायची, "मधवाल्याचं काय झालं वो?" घरात लग्न असल्यासारखं वातावरण होतं, आणि पल्लवी मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

पाचवा दिवस: वेशीबाहेर

हा दिवस मी मरेपर्यंत विसरायचा न्हाय.

मलकापूरच्या तटाबाहेर, जिथं गावातलं पाणी वाहून जातं तिथं, एक झोपडी होती. तिथं एक माणूस मेलेल्या जनावरांची कातडी कमावत बसलेला. मी त्याच्याशी बोलायला लागलो तर पल्लवी वाचता वाचता थांबली.

"काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय… मला वेशीच्या आत यायला बंदी हाय. पाणी वरच्या विहिरीतनं घ्यायचं न्हाय. सावली पडली तर दगड मारतात."

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी जन्मलो त्याच्या आदल्या साली, छप्पन साली, आमच्या घरानं धम्म घेतला. माझी आई सांगायची, तिच्या लहानपणी विहिरीपाशी ओंजळ धरून बसायचं, वरनं कुणी पाणी घातलं तर प्यायचं, न्हाय तर घरी जायचं. ते सगळं आमच्या गावचं, आमच्या मुलखाचं म्हणून मी आयुष्यभर डोक्यात धरलेलं. आणि सातासमुद्रापलीकडल्या लोकांनी एक देश मनानं रचला, त्यात डोंगर काढले, नदी काढली, आणि त्यातबी एक माणूस वेशीबाहेर बसवला! मी पाणी मागितलं, खरंच, माझ्यासाठी.

तो माणूस म्हणत होता, किल्ल्याच्या वाटेवर एक घंटेचा मनोरा हाय, तिची दोरी तुटून वर्षं झाली, घंटा मुकी पडलीय. मी नवी दोरी वळलीय, पण घेऊन जाणार कोण? नेशील का? आणि मग त्यानं विचारलं, जेवशील का?

मी होकारावर बोट ठेवलं.

"पप्पा, थांबा!" पल्लवीनं माझा हात धरला. "त्याच्याकडं जेवलं की गावातला बाजार बंद होतो तुम्हाला. कुणी काय विकत न्हाय. खेळणारे सगळे सांगतात, तिथं जेवू नका म्हणून."

मी तिच्याकडं वळून बघितलं. "तू कधी जेवली न्हाईस हिथं?"

ती खाली बघायला लागली. "न्हाय."

"दोन वर्षांत एकदाबी?"

"खेळात तोटा होतो, पप्पा." आवाज अगदी बारीक. "दोरी मी बाजारात विकायचे."

मी चिडलो न्हाय. कसा चिडणार? तिला कुणी ओंजळ धरायला लावली न्हाय, हीच तर आमची कमाई. मी बोट दाबलं आणि जेवलो. कसलंसं कंदमूळ उकडलेलं होतं. आणि खरंच, त्यानंतर गावात गेलो तर पाववाल्यानं माझ्या तोंडावर फळी लावली. "गेला बाजार खड्ड्यात," मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच वाटलं की हा देश कुणी केला त्याला भेटावं आणि जय भीम घालावा.

निघताना त्या माणसानं चामड्याचे नवे बूट पुढं केले. मी नको म्हटलं.

तेव्हा मात्र पल्लवी ताडकन उठली. "कळलं मला! तुम्ही मुद्दाम करताय!"

"काय मुद्दाम?"

"अंगठी नको, मध नको, तलवार नको, बूट नको! रिकाम्या हातानं त्या जंगलातनं आजवर कुणी गेलं न्हाय. तुम्हाला हरायचंच हाय. तुम्ही हरला की मी घरात राहणार. सरळ न्हाय म्हणायचं की पप्पा, एवढं नाटक कशाला?"

माझ्या मनात असलं काय नव्हतं, आईशप्पथ नव्हतं. पण मग शनिवारची ती जिलेबी आठवली आणि मी पडद्याकडं तोंड फिरवलं. ती बाहेर निघून गेली. त्या दिवसापासनं ती माझ्या शेजारी बसली न्हाय. मीही दोन दिवस उंदराला हात लावला न्हाय.

आठवा दिवस: मनोरा

शनिवारी दुपारी घरात मी एकटा. सुशीला बालवाडीच्या मीटिंगला गेलेली. पल्लवी पायात चपला घालताना म्हणाली, "गल्लीच्या तोंडाला एसटीडी बूथवर जाते. न्हाय म्हणून कळवते आणि येते. आधी लायब्ररीची पुस्तकं देते, म्हणजे परत त्या रस्त्याला जायला नको." माझ्याकडं बघितलं न्हाय, मी तिच्या पाठीकडं बघत होतो. घड्याळात तीन वाजले होते.

म्हणजे मी जिंकलो होतो. आता मशीन बंद करून पडून राहायचं. पण माझ्या गड्याच्या पाठीवर ती दोरी होती. गाडीत कुणाचा डबा ठेवून डायवर घरी जातो का? खजिना गेला चुलीत, दोरी तरी पोचवू, म्हणून मी निघालो.

गिरणीच्या मागची ओढ्याकाठची वाट धरली. ओला पाला जाळत, एकेक पाऊल टाकत गेलो. लांडगे दुरनं ओरडले, जवळ आले न्हाईत. मी घाटात गाडी घालतो तसा श्वास धरून बसलेलो. आणि पलीकडं निघालो की! पल्लवी म्हणाली होती, रिकाम्या हातानं कुणी गेलं न्हाय.

मनोऱ्यात एक आंधळा घंटावाला. मी त्याला दोरी दिली. त्यानं ती बोटांनी चाचपली, हुंगली, आणि कुणी वळलीय ते ओळखलं. त्यानंही पाव पुढं केला, मी खाल्ला. एक चांदीची वाटी पुढं केली, मी नको म्हटलं. मग तो वर चढला आणि त्यानं घंटा वाजवली.

काय आवाज होता तो! आमच्या त्या डबड्या स्पीकरमधनं असला आवाज येईल असं मला वाटलंच न्हवतं. पायाखालची फरशी सरकली. खाली पायऱ्या. मी उतरलो.

खाली एक मोठी खोली, दिव्यांनी भरलेली, आणि एक लांब पंगत मांडलेली. गिरणीवाली म्हातारी, मधवाला, लोहार एका ओळीत बसलेले. आणि म्हातारीच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून, वेशीबाहेरचा माणूस. त्याच्या पानात म्हातारी वाढत होती.

मी डिक्शनरी उघडली, तीन शब्द अडले होते. घंटावाला म्हणत होता, "तू आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी जेवलास आणि कुणाचं काही नेलं नाहीस. आता हे घ्यावंच लागेल." अंगठी, घडा, तलवार, बूट, वाटी, सगळं मांडून ठेवलेलं. खाली उत्तर आलं. एकच होतं: घेतो. नको म्हणायची सोयच ठेवली न्हवती! त्या देशात अखेर कुणीतरी मला आग्रह केला.

मी दाबलं आणि पलीकडची भिंत उघडली. सोनं. ढिगानं सोनं, मुकुट, ताटं, भिंतभर झळाळी.

मला रडू आलं. सांगायला कसली लाज? मोठ्यानं रडलो.

आणि मग घरातली शांतता ऐकू आली. साडेतीन होऊन गेलेले. घरात कुणी न्हाय. मशीनचं बटण माझ्या चांगल्या पायाच्या अंगठ्यापाशी. ते दाबलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. पोरगी घरात राहिली असती, गडहिंग्लजचं स्थळ होतंच. मी बटणाकडं बघितलं, खोटं कशाला सांगू. चांगलं मिनिटभर बघितलं.

मग कुबडी घेतली आणि उठलो.

आठवा दिवस, पुढचा भाग: गल्लीच्या तोंडापर्यंत

आमच्या घरापासनं एसटीडी बूथ दोनशे पावलांवर. बावीस वर्षांत एवढा लांबचा प्रवास मी केला न्हाय. दाराच्या पायरीवरच कुबडी सटकली, गटारीच्या कडेला बसलो. समोरचा म्हातारा म्हणाला, "काय पावणं, कुठं निघालाय असल्या उन्हात?" मी म्हटलं, "निरोप हाय, पोचवायचाय." त्यानं मला उठवलं. प्लास्टर चिखलानं बरबटलं, घाम डोळ्यांत जात होता, आणि चौकातनं मला काचेतली पल्लवी दिसली, रिसीव्हर कानाला लावलेली.

"पल्लवे!" मी गडहिंग्लज स्टँडवर ऐकू जाईल असा ओरडलो. "थांब! सापडला!"

ती रिसीव्हर हातात धरून दारात आली. तोंड पांढरंफटक. "पप्पा! पडलात काय? काय झालं?"

"खजिना सापडला. घंटेच्या खाली. सांग त्यांना येते म्हणून!"

तिनं माझ्या चिखलातल्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मग रिसीव्हर कानाला लावून म्हणाली, "हो सर. मी येते." आणि तिथंच बूथमध्ये रडायला लागली. बूथवाल्यानं आम्हा दोघांना पाणी दिलं.

तिला धरून घरी आलो, "चल दाखवतो" म्हणत. घरी येतो तर पंखा बंद. लोडशेडिंग. आणि मी जागा राखून ठेवली न्हवती. सगळं गेलं, पंगत, सोनं, मनोरा, सगळं. मी डोकं धरून बसलो. पल्लवी म्हणाली, "असू द्या की पप्पा." एक प्रश्न विचारला न्हाय. परत दाखवायला बसलो की तिला काहीतरी आवराआवरी आठवायची. आठवड्यानं खेळाची सीडी पिशवीत घालून ती पुण्याला गेली.

परतल्यावर

प्लास्टर निघालं, मी गाडीवर रुजू झालो. दिवाळीच्या आधी एकदा दुपारी कंट्रोलर खिडकीतनं ओरडला, "पावणं, पोरीचा फोन!"

"पप्पा," पलीकडनं आवाज, श्वास लागलेला. "खरंच हाय की हो!"

"काय खरं हाय?"

"खजिना! मी सगळ्यांच्या घरी जेवले. कुणाचं काय घेतलं न्हाय. दोरी पोचवली. ती पंगत, पप्पा… तो म्हातारीच्या शेजारी बसलाय!"

"मग? मी काय सांगत होतो?"

मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही खोटं बोलला. मला जाता यावं म्हणून."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "एवढे महिने?"

"व्हय. रोज कामावर जाताना वाटायचं, माझा बाप जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला, ते माझ्यासाठी. आता हिथं नीट काम करायला पायजे." मग हसली, आणि हसता हसता म्हणाली, "पप्पा, एक सांगा. सापडला नसता तर काय केलं असतं?"

मागं कंट्रोलर बोंबलत होता, गडहिंग्लज लागलीय, गडहिंग्लज लागलीय. "गाडी निघालीय माझी," म्हणून मी फोन ठेवला. पळत गेलो, स्टेअरिंगवर बसलो. खिडकीशी एक बाई डबा घेऊन उभी होती. घेतला, सीटखाली ठेवला आणि गाडी काढली.

कागल येईपर्यंत त्या प्रश्नावर विचार केला. बटणाकडं मिनिटभर बघणारा मी, आणि ती चपला घालताना तिच्या पाठीकडं बघणाराही मीच. पल्लवे, फोनवर सांगितलं न्हाय, हिथं लिहून ठेवतो.

खोटं बोललो असतो की.